गाविलगडाच्या माथ्यावरचे गाव

अकोल्याच्या उन्हाळ्याविषयी परगावच्या माणसाजवळ फार बोलू नये. त्याला ती अतिशयोक्ती वाटते. मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाऊन बसतो, दुपारी बाराला नळाचे पाणी अंगावर घेववत नाही, आणि गच्चीवर टाकलेल्या कुरड्या दोन तासांत खडखडीत वाळतात. हा एकच काय तो त्या उन्हाचा उपयोग. अशा दिवसांत अकोल्या-अमरावतीच्या घराघरांतून एक शब्द हमखास निघतो : चिखलदरा. कोणी शनिवार-रविवार गाठून जातो, कोणी नुसतेच जाऊ म्हणतो. परंतु चिखलदऱ्याला न गेलेला वऱ्हाडी माणूस शोधून काढावा लागेल.

परतवाड्याहून धामणगाव गढीवरून घाट चढून गेले की, चिखलदरा काही किलोमीटरवर राहिले असता मोथा नावाचे एक गाव लागते. तिथे गाड्या थांबतात त्या चहापुरत्या. फार तर कोणी खव्याचा भाव विचारतो, मुले घोड्यावर बसण्याचा हट्ट धरतात, आणि मग सगळी मंडळी पॉइंट बघायला पुढे पळतात. आम्हीही आजवर असेच पळत आलो. गेल्या दिवाळीत मात्र मोथ्याला दोन दिवस मुक्काम करण्याचा योग आला, आणि योग आणणारा होता आमचा भाडेकरू.

भाडेकरू म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकतो आणि आमच्या मागच्या खोलीत राहतो. मोथ्याच्या गवळ्याचा पोरगा. सौ.ला काकू म्हणतो आणि दर सुटीहून येताना पळसाच्या पानांत बांधलेला खवा आणतो, त्यामुळे घरात त्याची वट आमच्यापेक्षा जास्त. “काका, पाडव्याले आमच्याकडं याच लागते,” असे त्याने दसऱ्यापासून लावून धरले होते. अमरावतीचे आमचे मेहुणे नुकतेच पेन्शनीत निघाले आहेत. त्यांच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा तेही तयार झाले. त्यांचा हेतू थोडा निराळा होता. माथ्यावर रस्त्याला लागून थोडी जागा घ्यावी, दोन खोल्या बांधाव्यात, उन्हाळा तिथे काढावा, असे त्यांच्या मनात गेली दोन वर्षे घोळत आहे.

अकोल्याहून आम्ही अकोट-अंजनगाव-परतवाडा असे निघालो. अकोट ओलांडले की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते आणि मग ती पाठ सोडत नाही. हा रस्ता शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून गेल्यासारखा आहे. डावीकडे तेल्हाऱ्याच्या बाजूला अडगाव. तिथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे अंजनगाव सुर्जी. त्याच वर्षी ३० डिसेंबरला दौलतराव शिंद्यांशी तह झाला तो इथे. आणि या दोहोंच्या मध्ये, १५ डिसेंबरला, वर डोंगरावर गाविलगड पडला. बारा वर्षांनी वॉटर्लूवर नेपोलियनला हरविणारा हाच तो वेलस्ली. अंजनगावकरांना या तहाचे फारसे कौतुक नाही. ते आपले केळी आणि पानपिंपळीबद्दल बोलतात. चहा पिता पिता एका गृहस्थांनी पानपिंपळीच्या वेलाची निगा कशी ठेवतात हे आम्हाला इतक्या तपशिलाने सांगितले की, मेहुण्यांना घड्याळ दाखवावे लागले.

रस्त्याच्या दोहो बाजूंना कपाशी फुटलेली होती. सोयाबीनची काढणी होऊन वावरे मोकळी झाली होती. ज्वारी शोधूनही कुठे दिसत नव्हती. त्या वेळी त्याचे काही वाटले नाही.

घाटात शिरल्यावर हवा बदलते म्हणतात, ते सगळ्याच घाटांविषयी म्हणतात. इथे बदलतो तो आवाज. परतवाड्याची करवतींची घरघर, ट्रकांचे भोंगे, सगळे खाली राहते, आणि साग-धावड्याच्या जंगलातून गाडी वर येते तेव्हा तिच्या इंजिनाचाच आवाज मोठा वाटू लागतो. माथा हजार मीटरच्या आसपास. वर आल्यावर झाडी एकदम मागे सरते आणि उघडे, गवताळ पठार समोर येते. कुठे कारळ्याचे पिवळे तुकडे शिल्लक होते. गवत वाळून सोनेरी झाले होते. सौ.ने शाल काढली. ऑक्टोबर संपताना अकोल्यात पंखा चालू असतो!

मुलाच्या घराचा ओटा रस्त्यापासून थोडा आत. कौलारू, बुटके, लांबलचक घर; घराला लागूनच गोठा. माणसे राहतात त्यापेक्षा म्हशींची जागा मोठी, आणि तिच्याकडे लक्षही जास्त. म्हशी वऱ्हाडच्या अस्सल जातीच्या, जिला कोणी एलिचपुरी म्हणतात, कोणी नागपुरी : लांब, मागे वळलेली, तलवारीसारखी शिंगे. पाडव्यासाठी त्यांना गेरू लावला होता. अंगणात शेणाचा गोवर्धन घालून वर झेंडूची फुले खोवली होती. घरात बोलतात ती हिंदीच्या वळणाची गवळ्यांची बोली; बाजारात आणि आमच्याशी वऱ्हाडी; आणि शेतावर येणाऱ्या कोरकू बायांशी दोन-चार शब्द कोरकूचे. कोरकू ही भाषा मराठीची नव्हे, हिंदीचीही नव्हे. ती मुंडा कुळातली, थेट झारखंडच्या मुंडारी-संथाळीची नातेवाईक. कोरकू या शब्दाचाच अर्थ ‘माणसे’.

“या जी, बसा. पोराच्या तोंडी तुमचंच नाव असते,” असे म्हणून मुलाच्या वडिलांनी खाटेवर गोधडी टाकली. म्हाताऱ्या आजीने सौ.ला जवळ बसवून घेतले आणि पहिला प्रश्न केला, “बाई, थो जेवते का पोटभर?” सौ.ने पोळ्यांचा आकडा सांगितला, तेव्हा आजीचा जीव खाली पडला.

खवा कसा होतो हे आम्ही पहिल्यांदा नीट पाहिले. पहाटे धारा निघाल्या की दूध भल्या मोठ्या लोखंडी कढईत पडते, खाली लाकडाचा जाळ. मग एक माणूस लांब दांड्याचे उलथणे घेऊन बसतो तो उठत नाही. बुड लागू द्यायचे नाही, साय धरू द्यायची नाही, सारखे फिरवीत राहायचे. दूध आटत आटत आधी बासुंदीसारखे होते, मग चिखलासारखे, आणि शेवटी एकदम कढईची कड सोडून गोळा व्हायला लागते. तेव्हा जाळ ओढायचा. तो क्षण हुकला की रंग गेला, आणि रंग गेला की खाली हलवाई भाव पाडतो. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाला एक किलो खवा. दूध विकायचे सोडून हा खटाटोप का, याचे उत्तर मुलाच्या वडिलांनी एका वाक्यात दिले. “पहिले गाडी नव्हती जी. दूध खाली जाईलोक फाटे. खवा नाई फाटत.” माथ्यावरचे दूध खालच्या बाजारात पोचविण्यासाठी गवळ्यांनी त्यातले पाणी वरच सोडून दिले. आता रस्ता आहे, गाड्या आहेत. पण हात त्याच कामात तरबेज झालेले. आमच्या घरच्या दिवाळीतले गुलाबजाम आजवर कुणाच्या झोपमोडीवर झाले, याचा पत्ता त्या सकाळी लागला.

हे गवळी इथले जुने. एवढे जुने की, गडाचे नाव त्यांच्यावरून पडले असे मानतात : गवळ्यांचा गड तो गाविलगड. पहिला मातीचा कोट त्यांचा. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहा वली याने त्याचा पक्का किल्ला केला. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमाद-उल-मुल्क याने तो वाढवला. दिल्ली दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. हे विजयनगरकडचे चिन्ह सातपुड्यात कुठून आले, याचे कारण सांगतात की फतेउल्ला मूळचा विजयनगरच्या मुलुखातल्या ब्राह्मणाचा मुलगा, लहानपणी कैद होऊन आलेला. दुपारी मुलाने आम्हाला गड दाखवला. किल्लेदार बेनीसिंग जिथे लढता लढता पडला त्या गडावर आता गवत कमरेएवढे असते. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा याच डोंगरांतून, वाट तोडत तोडत, उत्तरेच्या अंगाला नेल्या होत्या. ते ऐकून मेहुणे म्हणाले, “म्हणजे आपल्या आधी रस्ता इंग्रजांनीच केला.” मुलगा हसून म्हणाला, “काका, म्हशी त्याच्याही आधी चढत होत्या.”

चिखलदऱ्याचा शोध १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सनने लावला असे छापलेले असते. गवळ्यांच्या ओट्यावर बसून हे वाक्य आठवले की हसू येते.

संध्याकाळी मेहुण्यांनी विषय काढला. रस्त्याच्या कडेला मुलाच्या वडिलांची दीड-दोन एकर पडीत जमीन आहे. त्यातली थोडी मिळाली तर? मेहुण्यांचे दर्यापूरकडे वडिलोपार्जित वावर आहे, तेव्हा शेतजमीन घ्यायला कागदाची अडचण नाही. कोरकूंची जमीन असती तर गोष्ट वेगळी. आदिवासींची जमीन बाहेरच्याला सहजासहजी घेता येत नाही, कायदा आड येतो. गवळ्यांच्या जमिनीला तसे कुंपण नाही. त्यामुळे माथ्यावर जागा शोधणाऱ्यांची पावले त्यांच्याच ओट्यांकडे वळतात.

मुलाचे वडील काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “भाऊ, विचारणारे तुम्ही या सालचे पाचवे.” आणि त्यांनी हिशेब सांगितला. पूर्वी दावणीला चाळीस जनावरे होती, आता चौदा. चराईला रान पूर्वीइतके मोकळे नाही. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होता. वाघ राखायचा तर रानात जनावर किती सोडायचे याला मर्यादा येणारच, हे त्यांनाही कळते. वाघाने म्हैस मारली तर भरपाई मिळते. “पैसे भेटतात जी, थे म्हैस नाई भेटत,” ते म्हणाले. मग ढेप विकत, चारा विकत, सरपण दुरून. पठारावरची एक-दोन घरे जनावरे विकून मोकळी झाली. रस्त्याकडेची जमीन देऊन त्यांच्या पोरांनी गाड्या घेतल्या, आता ते पर्यटक फिरवतात.

इथे मुलगा बोलला. त्याला जनावरांपेक्षा स्ट्रॉबेरीत जास्त भरवसा वाटतो. गेल्या काही वर्षांत मोथ्याच्या आसपास स्ट्रॉबेरी लागू लागली आहे. रोपे महाबळेश्वराकडून येतात, पावसाळा सरताना लावतात, आणि थंडीत फळ धरते. वऱ्हाडात स्ट्रॉबेरी पिकते हे आमच्या वडिलांना सांगितले असते तर त्यांनी कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. मुलाचे म्हणणे, तीच पडीत जमीन मला द्या. बापाचे म्हणणे, पाणी कुठून आणशील? आणि मेहुणे मध्ये बसलेले, हातात चहा घेऊन. आम्हाला थोडे अवघडल्यासारखे झाले; पण त्या घरात कोणी आवाज चढवला नाही.

पाण्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी आजीने सांगितली. आमच्या समजुतीप्रमाणे डोंगर म्हणजे पाणीच पाणी. अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस इथे पडतो. पण खाली काळा कातळ, वर हातभर माती, चहूकडे उतार. पडलेले पाणी थांबत नाही. ते सपन, चंद्रभागा, शहानूर, वान अशा नद्यांनी सरळ खाली येते. आणि खाली आपण त्याला धरणे बांधून बसलो आहोत. आम्ही अकोला शहरवाले काटेपूर्णेचे पाणी पितो, आमचा यात वाटा थोडा. पण पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आठवा. तिथे विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही. वानेच्या धरणातून अकोट-तेल्हाऱ्याकडच्या ८४ खेड्यांना नळाने पाणी गेले, शहानूरचे अंजनगाव-दर्यापूरकडे गेले, तेव्हा त्या मुलखात लेकी द्यायला लोक तयार झाले असे म्हणतात. मेहुण्यांच्या गावी नळाला जे पाणी येते तेही शहानूरचेच. ते ज्या डोंगरावर पडते, त्या डोंगरावर मात्र फेब्रुवारी संपला की विहिरी तळ दाखवितात. चिखलदरा तालुक्यातल्या खडीमलला उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिकामा करतात आणि बाया दोर टाकून ते गढूळ पाणी ओढून घेतात; वर्तमानपत्रांतून ती चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. “आमचं पानी तुमच्याकडं नांदाले गेलं,” आजी म्हणाली, “अन् माहेरी येतच नाई.” सौ. हसली. आजी हसली नाही.

हल्ली ओळखीचे लोक इटलीला जाऊन येतात आणि तिथल्या डोंगरपायथ्याच्या खेड्यांची छायाचित्रे दाखवितात : दगडी घरे, कौले, खिडकीत फुलांच्या कुंड्या, रस्त्यात चिटपाखरू नाही. किती शांत, असे म्हणतात. ती शांतता कशी आली हे छायाचित्रात दिसत नाही. तरुण माणसे शहरांत गेली, शाळा बंद पडल्या, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत सिसिलीसारख्या भागातल्या कित्येक गावांनी ओस पडलेली घरे एकेका युरोला विकायला काढली. अट एवढीच की घर दुरुस्त करा. आमच्या माथ्यावर गंमत उलटी आहे. इथे जागेचा भाव चढतो आहे, आणि माणसे तरीही उतरू लागली आहेत. तिथे वस्ती गेली म्हणून जागा स्वस्त झाली; इथे जागा महागली म्हणून वस्ती जाईल की काय, असे त्या दोन दिवसांत वाटून गेले. मेहुण्यांना हे बोलून दाखवले. ते म्हणाले, “मी दोनच खोल्या म्हणतो आहे.” त्यांचेही खोटे नाही. दोन खोल्या म्हणणारे पाचजण या सालात येऊन गेले, एवढेच.

पाडव्याची सकाळ छान झाली. धुके इतके की गोठा दिसेना, नुसत्या घंटा ऐकू येत होत्या. शेणाच्या गोवर्धनावरून एकेक वासरू-पारडू नेले, आजीने प्रत्येकाच्या कपाळाला हळदकुंकू लावले, आणि एका आडदांड पारड्याने आमच्या धोतराची परीक्षा घेतली. दुपारच्या जेवणात कुटकीचा भात होता. कोरकूंच्या शेतात पिकणारे हे बारीक भगरीसारखे धान्य. त्यावर ताजे तूप. सौ.ने कुटकी दोन किलो मागून घेतली. निघताना खव्याचा मोठा पुडा मिळाला. पैसे घ्यायला कोणी तयार होईना, शेवटी ते आजीच्या हातात ‘ओवाळणी’ म्हणून कोंबावे लागले. जागेचा विषय मेहुण्यांनी पुन्हा काढला नाही, सोडलाही नाही.

एप्रिलच्या शेवटी मुलाच्या वडिलांचा फोन आला. एरवी ते पोराची खुशाली विचारतात, या वेळी त्यांनी विचारले, “भाऊ, तुमच्याकडं कडबा काय भाव हाय?” वर चारा संपला होता, पाणी तुटत आले होते, आणि सहा म्हशी खाली परतवाड्याकडे नातेवाइकाच्या वाड्यात आणून बांधल्या होत्या. आम्ही मेहुण्यांना कळवले. एवढी चाळीस एकरांची पाटीलकी, कडब्याला काय तोटा! तेव्हा उमगले की त्यांच्या वावरात गेली पंधरा वर्षे ज्वारीचे एक ताट नाही. सगळीकडे कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा. ज्वारीला भाव नाही, पाखरे खातात, रानडुकरे लोळतात. म्हणून एकेकाने ती सोडली आणि कडबा आपोआप गेला. पूर्वी उन्हाळ्यात खालचा कडबा वर जायचा आणि वरचा खवा खाली यायचा. खवा अजून येतो आहे.

मेहुणे तीन दिवस फिरले. अखेर तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात एक गंजी मिळाली, सोन्याच्या भावाने. एक मालमोटार भरून परतवाड्याला पाठवली. भाड्याचे पैसे कोणी द्यायचे यावर दोन्हीकडून आठ दिवस फोन चालले होते. ते कसे मिटले हे आम्हाला शेवटपर्यंत सांगितले गेले नाही.

या खरिपात मेहुण्यांनी दर्यापूरच्या वावरात दोन एकर ज्वारी पेरली आहे. गावाने वेड्यात काढले. कणसे चांगली भरली आहेत. पण आजूबाजूला दुसरीकडे कुठेच ज्वारी नसल्याने पंचक्रोशीतली सगळी पाखरे त्यांच्याकडेच जेवायला येतात. राखणीला माणूस मिळत नाही. त्यामुळे पेन्शनीतले आमचे मेहुणे सध्या रोज पहाटेच्या गाडीने अमरावतीहून जातात आणि माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात. आमचा भाडेकरू गेल्या रविवारी त्यांच्या मदतीला गेला होता. गोफणीचा नेम दोघांचाही सारखाच वाईट आहे, असे त्याने परत आल्यावर काकूंना सांगितले.